गाईंमधलं आयव्हीएफ आणि भ्रूणाचे पहिले दिवस: कोकणातल्या गोपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सावंतवाडीपर्यंत गोठ्यात, दवाखान्यात आणि दूध संस्थेच्या ओट्यावर आयव्हीएफबद्दल मला जे विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. मी पशुवैद्यक आहे. हे तंत्र मला मोलाचं वाटतं, आणि कोकणात ते चुकीच्या गाईंवर वापरलं जाईल अशी काळजीही वाटते. उत्तरं वाचताना दोन्ही गोष्टी जाणवतील.

आयव्हीएफ म्हणजे गाईचं नेमकं काय करतात?

चांगल्या गाईच्या बीजांडकोशातून स्त्रीबीजं काढतात, प्रयोगशाळेत निवडलेल्या वळूच्या वीर्याशी त्यांचं फलन घडवतात, तयार झालेले भ्रूण सात दिवस तिथेच वाढवतात आणि मग दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवतात. जिची स्त्रीबीजं ती डोनर. जिच्या पोटात वासरू वाढतं ती रेसिपियंट. आमच्याकडे हेच शब्द चालतात, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत.

तंत्र फार नवं नाही. गाईमधलं पहिलं आयव्हीएफ वासरू अमेरिकेत १९८१ साली जन्मलं. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० मध्ये म्हशीचं पहिलं टेस्ट ट्यूब रेडकू झालं, त्याचं नावच ‘प्रथम’ ठेवलं होतं.

साध्या कृत्रिम रेतनाने भागत असताना हे कशाला?

बहुतेक गोठ्यांत रेतनानेच भागतं आणि भागावं. रेतनाने चांगल्या वळूचे गुण हजारो वासरांत पोचतात, पण चांगल्या गाईचं तसं होत नाही. गाय कितीही गुणाची असली तरी वर्षा-दीड वर्षाला एकच वासरू देणार. जन्मतः तिच्या बीजांडकोशात हजारो स्त्रीबीजं असतात, त्यातली बोटावर मोजण्याइतकीच कामी येतात, बाकीची आतल्या आत विरून जातात. आयव्हीएफमुळे त्यातली काही वाचवून वापरता येतात आणि एका गाईची वर्षाला अनेक वासरं मिळू शकतात.

यापूर्वी यासाठी गाईला चार दिवस सकाळ-संध्याकाळ संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन जास्त बीजं पिकवत आणि भ्रूण गर्भाशय धुऊन काढत. आयव्हीएफमध्ये त्या इंजेक्शनांशिवायही काम होतं. कालवडीची आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या गाभण गाईचीही स्त्रीबीजं घेता येतात.

बीजं काढताना गाईला त्रास होतो का? दूध आटेल का?

शेपटीच्या मुळाशी भूल देतात, त्यामुळे मागचा भाग बधिर होतो. सोनोग्राफीचा दांडा योनिमार्गातून आत घेतात, गुदमार्गातून हाताने बीजांडकोश त्याच्याजवळ धरतात आणि पडद्यावर बघत बारीक सुईने एकेका बीजपुटिकेतला, म्हणजे जिच्यात स्त्रीबीज वाढतं त्या पाण्याच्या फुगीतला, द्रव ओढून घेतात. साधारण २ ते ८ मिलिमीटरच्या पुटिका उपयोगाच्या असतात. हात सरावाचा असेल तर वीसेक मिनिटांत गाय मोकळी होते.

त्या दिवशी धास्तीने गाय पान्हा चोरू शकते. त्यापलीकडे दूध आटत नाही. पण हीच प्रक्रिया शिकाऊ हाताने, घाईने, पुन्हापुन्हा केली तर बीजांडकोशावर व्रण पडतात. म्हणून दोन वेळांमध्ये पंधरा दिवसांचं अंतर मागून घ्या. तुमची गाय आहे, तो हक्क तुमचा आहे.

एका वेळी किती बीजं मिळतात?

गाईनुसार खूप फरक पडतो. गीर, साहिवाल अशा वशिंडाच्या गाई यात उजव्या आहेत, त्यांच्या बीजांडकोशात पुटिका जास्त असतात. एका वेळी पंधरा-वीस बीजं मिळणं त्यांच्यात नवलाचं नाही, तर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सीत त्याच्या निम्मीच बहुधा मिळतात. पण त्याच जातीची शेजारची गाय चारच देईल, असंही होतं. पहिल्या सोनोग्राफीतच बराचसा अंदाज येतो.

प्रयोगशाळेतल्या सात दिवसांत काय काय घडतं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण बाकीच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

काढलेलं स्त्रीबीज कच्चं असतं. त्याच्याभोवती बारीक पेशींचे थर असतात. जितके जास्त आणि घट्ट थर, तितकं बीज चांगलं. ते २२ ते २४ तास ३८.५ अंश सेल्सिअसला, म्हणजे गाईच्या अंगाच्या तापमानाला, पोषक द्रावात पिकवतात. या काळात बीज आपली निम्मी गुणसूत्रं एका इवल्या पेशीत बाहेर टाकतं. पुढे निम्मी वळूकडून येणार असतात, त्यासाठी ही तयारी. हा टप्पा कोकणाला सोयीचा आहे. बीज फिरत्या इनक्युबेटरमध्येही पिकतं, त्यामुळे घाट चढून प्रयोगशाळा गाठेपर्यंतचा वेळ वाया जात नाही.

दुसऱ्या दिवशी वीर्यकांडी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि धडधाकट शुक्राणू वेगळे करतात. ताजा वितळवलेला शुक्राणू लगेच फलन करू शकत नाही. गाईच्या जननमार्गात काही तास राहून त्याच्या आवरणात बदल व्हावे लागतात. प्रयोगशाळेत हे काम हेपॅरिन करतं, तेच औषध माणसांत रक्त गोठू नये म्हणून देतात. बीज आणि शुक्राणू १८ ते २० तास एकत्र ठेवतात.

एक शुक्राणू आत शिरला की बीजाचं आवरण बाकीच्यांना दार बंद करतं. पहिलं विभाजन साधारण दीड दिवसात होतं. मग दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी. मात्र भ्रूण आकाराने वाढत नाही. आवरण तेच, पेशी दर वेळी लहान होत जातात. मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा तो ठिपका डोळ्यांना जेमतेम दिसतो.

आठ पेशींपर्यंत भ्रूण आईच्या शिदोरीवर जगतो. स्त्रीबीजात आधीच साठवलेले संदेश आणि प्रथिनं वापरून सगळं चालतं, वळूकडून आलेल्या जनुकांचा आवाज अजून जवळपास उठलेला नसतो. आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भ्रूणाची स्वतःची जनुकं जागी होतात. ही गाईच्या भ्रूणाची सगळ्यात अवघड पायरी. सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळांमधले बहुतेक भ्रूण इथेच अडकून मरत. पुढे द्रावांची घटना सुधारली आणि हवेतल्या २० टक्क्यांऐवजी ५ टक्केच ऑक्सिजन ठेवायला सुरुवात झाली, कारण गर्भनलिकेतही ऑक्सिजन कमीच असतो. तेव्हा वाट मोकळी झाली. स्त्रीबीज कुपोषित गाईचं असेल तर शिदोरीच अपुरी पडते, आणि ती उणीव पुढे कोणताही द्राव भरून काढत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात, त्या अवस्थेला मोरुला म्हणतात. सातव्या दिवशी आत पाण्याची पोकळी तयार होते आणि शंभरेक पेशींचे दोन गट पडतात. आतल्या पुंजक्यापासून वासरू होतं, बाहेरच्या थरापासून वारेचा भाग. हा ब्लास्टोसिस्ट. आठव्या-नवव्या दिवशी तो आवरण फोडून बाहेर येतो.

सातव्याच दिवशी का ठेवतात?

निसर्गातही भ्रूण चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत गर्भनलिकेतच असतो, गर्भाशयात त्यानंतर उतरतो. त्याआधी गर्भाशयात ठेवला तर तिथलं वातावरण त्याच्या वयाला मानवत नाही. सातव्या दिवशी भ्रूण आणि जागा जुळतात, शिवाय रेतनासारख्याच नळीने, शस्त्रक्रियेशिवाय तो आत सोडता येतो. तोवर दुबळे भ्रूण आपोआप गळलेलेही असतात.

शंभर बीजांची शंभर वासरं का होत नाहीत?

कारण प्रत्येक पायरीवर गळ आहे. शंभरातली ऐंशीच्या वर पिकतात, सत्तरच्या आसपास फलित होतात, ब्लास्टोसिस्टपर्यंत ३० ते ४० पोचतात. ताजे भ्रूण ठेवल्यावर शंभरात ३० ते ४५ गाई गाभण राहतात, गोठवलेल्या भ्रूणांचं प्रमाण त्याहून थोडं कमी. कोणी ऐंशी टक्क्यांची हमी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

भ्रूण ठेवला, तरी गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. चूक कोणाची?

पुष्कळदा कोणाचीच नाही. हे समजायला सातव्या दिवसानंतरचं चित्र डोळ्यासमोर हवं.

आवरणातून सुटलेला भ्रूण लगेच गर्भाशयाला चिकटत नाही. तो आधी लांबायला लागतो. चौदाव्या दिवसाच्या आसपास तो लांबट होतो आणि सतराव्या दिवसापर्यंत वीतभर लांबीचा धागा बनतो. या काळात तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो. गाईला आपण गाभण आहोत हे कळण्याची ही एकमेव खूण. ही खूण सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत पुरेशी पोचली नाही तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडतं, बीजांडकोशावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे होणारी ग्रंथी) विरतो, गर्भ टिकवणारं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि गाय पुन्हा माजावर येते. भ्रूण दोन दिवसांनी मागे असेल, तरी निरोप उशिरा पोचतो आणि जिवंत भ्रूणही जातो. म्हणूनच डोनर आणि रेसिपियंट यांचं वेळापत्रक एका दिवसाच्या आत जुळावं लागतं. रेसिपियंटचा माज खोटा नोंदवला गेला असेल, तर ते मात्र टाळता येण्यासारखं नुकसान आहे.

एक हिशोब लक्षात ठेवा. भ्रूण ठेवताना तो सात दिवसांचा असतो, त्यामुळे गाय उलटायची असेल तर साधारण १४ दिवसांनी उलटते. लोक २१ व्या दिवसाची वाट बघतात आणि माज हातचा जातो. विण्याची तारीखही तशीच सात दिवस अलीकडे धरायची.

आमच्या गावठी गाईच्या पोटात एचएफ किंवा गीरचं वासरू वाढवावं का?

एचएफचं नको. आपली सड्यावर चरणारी गाय चणीने लहान, तिचा कटीभाग अरुंद. मोठ्या जातीचं वासरू आत वाढलं तर विताना अडणार, आणि रात्री पावसात डॉक्टर पोचेपर्यंत गाय आणि वासरू दोन्ही हातचे जातील. आयव्हीएफच्या काही वासरांचं जन्मवजन नेहमीपेक्षा जास्त भरतं हेही माहीत आहे. त्याचा संबंध पूर्वी द्रावांत वापरत असलेल्या रक्तद्रवाशी लावला जातो. आता हे प्रमाण कमी झालंय, पण शून्य नाही. गीरसाठीसुद्धा अंगापिंडाने थोराड, एकदा तरी सुखरूप व्यालेली संकरित गायच रेसिपियंट म्हणून बरी.

उलट बाजूने काहीच अडचण नाही. कोकण कपिलेचा, म्हणजे आपल्या गावठी गाईचा, भ्रूण जर्सी संकरित गाईत खुशाल वाढवता येतो.

पोटात वाढवणाऱ्या गाईचं रक्त वासरात उतरतं का?

नाही. वासराची जनुकं स्त्रीबीज देणारी गाय आणि वळू यांचीच. रेसिपियंटकडून जागा, पोषण आणि ऊब मिळते. तिच्या खाण्यापिण्यावर वासराची वाढ ठरते, जात नाही.

गाईच्या वारेची रचनाच अशी आहे की आईचं आणि वासराचं रक्त मिसळत नाही, इतकंच नाही तर आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यंही पोटात असताना वासरापर्यंत पोचत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. म्हणून जन्मल्यावर तासा-दोन तासांत पहिला चीक वासराच्या पोटात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. चोवीस तासांनंतर आतडं ही द्रव्यं शोषून घेत नाही. घराघरांत खरवसाची वाट बघितली जाते हे मला ठाऊक आहे. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा करा. इतक्या खटपटीने जन्माला आलेलं वासरू चिकावाचून हगवणीने जाताना बघणं फार वाईट.

कोकणातल्या उकाड्यात हे जमेल का?

जमेल, आणि एका अर्थाने इथे ते जास्त उपयोगाचं आहे. आपल्याकडे पारा विदर्भाइतका चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि गाईचं अंग थंड होत नाही. गाईचं तापमान एखाद-दुसरा अंश वाढलं तरी पिकणाऱ्या स्त्रीबीजाला आणि पहिल्या दोन-तीन दिवसांच्या भ्रूणाला ते सोसत नाही, कारण स्वतःची जनुकं जागी होण्याआधी बचावाची साधनं भ्रूणाकडे फारशी नसतात. सातव्या दिवसाचा भ्रूण बराच काटक असतो. नेहमीच्या रेतनात हे नाजूक दिवस गाईच्या तापलेल्या अंगात जातात, आयव्हीएफमध्ये ते इनक्युबेटरच्या ठरलेल्या तापमानात जातात.

मात्र बीजपुटिका आठवडेच्या आठवडे वाढत असते. एप्रिल-मेच्या उकाड्याचा फटका पावसाळा लागल्यावरही बीजांत दिसतो. संकरित डोनरची बीजं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावीत असं माझं मत. आपल्या देशी गाई आणि त्यांचे भ्रूण उष्णता जास्त सोसतात.

पावसाळ्यात आणखी एक अडचण, विजेची. इनक्युबेटरला बॅटरीचा आधार आहे ना, हे विचारायला लाजू नका.

कोकण कपिलेसाठी याचा काही उपयोग आहे?

मला विचाराल तर कोकणात आयव्हीएफ आणायचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

आपण जिला इतकी वर्षं नुसती गावठी म्हणत आलो, ती कोकण कपिला ही २०१८ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा हा तिचा मुलूख. मुसळधार पाऊस, दमट हवा, डोंगरउतार आणि नुसता भाताचा पेंढा यावर ती उभी राहते. दूध थोडं, पण औषधपाण्याचा खर्चही थोडा. चिखलणीला तिचे बैल, कलमांना तिचं शेण. पॉवर टिलर आले, मुंबईला माणसं गेली, गुराखी मिळेनात, आणि गोठे रिकामे झाले. जी उरली त्यांत वाट्टेल ते रेतन झालं.

प्रयोगशाळा फक्त संख्या वाढवते, निवड आपल्याला करावी लागते. आज कपिलेत कोणती गाय किती दूध देते, किती वेतं झाली, दोन वेतांत किती अंतर, याच्या नोंदी गोठ्यागोठ्यात नाहीत. नोंदीशिवाय डोनर निवडणं म्हणजे रूप बघून निवडणं. आधी टॅग, मग महिन्यातून एकदा दुधाचं माप, मग निवड.

दुसरी भीती त्याहून मोठी आहे. लहान जातीत एकाच गाईची आणि एकाच वळूची पन्नास वासरं झाली, तर दोन पिढ्यांत सगळी गुरं एकमेकांची भावंडं होतील. म्हणून कपिलेत थोड्या गाईंची खूप वासरं नकोत, वेगवेगळ्या गावांतल्या खूप गाईंची थोडीथोडी हवीत. काही भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात जपून ठेवावेत, म्हणजे लंपीसारखी साथ पुन्हा आली तरी बीज राहील. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि पशुसंवर्धन विभाग यांच्याकडे गोपालकांनी एकत्र येऊन ही मागणी करावी, असं मला मनापासून वाटतं.

पाडीच होईल अशी खात्री देता येते?

लिंगनिश्चित वीर्य, म्हणजे पाडी होणारे शुक्राणू निवडून वेगळं केलेलं वीर्य, वापरलं तर दहातल्या नऊ वेळा पाडी. अशा वीर्यात शुक्राणू कमी आणि थकलेले असतात, त्यामुळे भ्रूण थोडे कमी मिळतात. साध्या वीर्याने केलेल्या आयव्हीएफमध्ये पाडे किंचित जास्त होतात.

हे आणि क्लोनिंग एकच ना?

नाही. क्लोनिंगमध्ये वळू लागत नाही, एकाच जनावराची प्रत निघते. कर्नालला २०२३ मध्ये जन्मलेली गीर कालवड ‘गंगा’ ही क्लोन होती. आयव्हीएफचं वासरू आई-बाप असलेलं साधं वासरू आहे. त्याचं दूध, शेण, पुढचं वेत, सगळं इतर गाईंसारखंच.

म्हशीत होतं का?

होतं, पण म्हशीच्या बीजांडकोशात बीजं मुळात कमी, आणि भ्रूण गाईपेक्षा जवळपास एक दिवस लवकर तयार होतो, त्यामुळे वेळापत्रक वेगळं. आधी गाईवर हात बसलेल्या चमूकडूनच करून घ्या.

रेसिपियंट गाय कशी तयार करायची?

इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. दावणीला बांधलेली गाय दुसरीवर चढू शकत नाही, मग माज कळणार कसा? पहाटे आणि रात्री दहानंतर गोठ्यात जाऊन बघा. सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), हंबरणं, खाणं सोडणं टिपून ठेवा. इंजेक्शनने माज एकत्र आणता येतो, पण गाय हाडाडलेली असेल तर इंजेक्शन काय करणार? जांभ्या जमिनीच्या चाऱ्यात फॉस्फरस कमी, भाताच्या पेंढ्यात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी. निदान दोन महिने आधीपासून खनिज मिश्रण, थोडी ढेप आणि हिरवा चारा द्या. जंत आणि गोचीड काढा. लाळ्या खुरकुताची लस झालेली असावी, सांसर्गिक गर्भपाताची तपासणी झालेली असावी. भ्रूण ठेवण्याच्या दिवशी डॉक्टर पीतपिंड तपासतात आणि तो ज्या बाजूला असेल त्याच बाजूच्या गर्भाशयशृंगात भ्रूण सोडतात. पीतपिंड नसेल तर भ्रूण ठेवायचा नाही, गाडी लांबून आली असली तरीही.

खर्च आणि अनुदान?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये खात्रीशीर गर्भधारणेमागे ५,००० रुपयांच्या अनुदानाची तरतूद आहे. पैसे भ्रूण ठेवल्याचे मोजायचे की गाभण ठरल्याचे, हे करार करतानाच लिहून घ्या. तपासणी सोनोग्राफीने ३० व्या दिवशी होते. ६० व्या दिवशी पुन्हा करावी, कारण मधल्या काळातही काही गर्भ जातात.

चौकशी कुठे करू?

तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावरही विचारता येतं. जाताना गाईचा बारा आकडी टॅग क्रमांक, शेवटच्या विण्याची तारीख, मागचे दोन-तीन माज आणि आठवड्याभराच्या दुधाचं माप लिहून न्या.